पगडीवाल्या गाढवाचा मार्का

४ मे १९६१. सकाळचं काम: कुरडया.

तारीख पक्की आठवते, कारण वाळवणाच्या प्रत्येक डब्यावर मी खडूनं तारीख घालते. म्हणजे जुनं आधी संपतं. त्या वर्षीचा डबा अर्धाच भरला. उरलेल्या अर्ध्या कुरडयांवर गाढव उमटलं होतं.

कुरडया ज्यांनी आयत्या खाल्ल्या आहेत त्यांना कल्पना नसते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, पाट्यावर वाटायचे, चीक गाळून बसू द्यायचा, आणि चौथ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तो शिजवून सोऱ्यातून घालायचा. मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन असं की जराशी दिरंगाई केली तर कुरडईच्या आधी घालणारी वाळते. आमच्या घरावर धाबं होतं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्यावर दोन जुनी धोतरं अंथरून मी त्या दिवशी सूर्य वर यायच्या आत सगळ्या कुरडया घालून उतरले होते. शाळेला सुट्टी लागली होती. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत असे, त्यामुळे वर्षाची सगळी साठवण मला मे महिन्यातच उरकावी लागे.

घरात आम्ही चौघं. नवरा अमरावतीला एका कचेरीत कारकून, शनिवारी संध्याकाळच्या मोटारीनं घरी येऊन सोमवारी पहाटे परत जायचा. मुलगी पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. आणि सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणे.

मामाजींनी उभा जन्म कापसाच्या प्रेसमध्ये काढला. तिथे सरकी काढलेला कापूस दाबून गाठी बांधतात, आणि प्रत्येक गाठीवर मालकाचा मार्का काळ्या शाईनं छापतात. ते छापायचं काम मामाजींचं. पत्र्यात मार्का कापायचा, पत्रा गाठीच्या तरटावर धरायचा आणि वरून शाईचा बोळा मारायचा. कापसाच्या धुळीनं छातीत दमा बसला तेव्हा मालकानं घरी बसायला सांगितलं. घरी बसणं हे काम त्यांना कधी जमलं नाही. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याची फळी स्वतः काढली; ती मी लगेच डबे ठेवायला घेतली. त्यानंतर मात्र घरात काढण्याठोकण्यासारखं काही राहिलं नाही. मग त्यांनी चांगल्या चालणाऱ्या वस्तू दुरुस्त करायला घेतल्या. कंदील दुरुस्त केला, तो धुरकट झाला. खाट आवळली, ती तिरपी झाली. जे खरंच करायला हवं होतं ते तेवढं राहिलं. मोरीच्या भोकातून घूस आत यायची. त्या भोकावर भोकं पाडलेला पत्रा ठोकून द्या, पाणी जाईल आणि घूस अडेल, असं मी त्यांना संक्रांतीपासून सांगत होते. त्यासाठी रॉकेलच्या डब्याचा एक चांगला सपाट पत्राही मी खाटेखाली ठेवला होता.

"करतो ना, सूनबाई," ते म्हणायचे. "घाई कायची हाय?"

घाई घुशीला होती.

आता गाढव. त्या वेळी मुलांचं एक साप्ताहिक निघे. त्याच्या शेवटच्या पानावर पगडी घातलेल्या एका गाढवाची चित्रमालिका असे. हे गाढव कुठूनतरी साहेबाची पगडी उचलतं, डोक्यावर ठेवतं आणि गावोगाव तपासणी करत फिरतं. लोक पगडी पाहून सलाम करतात. बस, एवढंच. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मी स्वतः शाळा तपासणीची वर्षानुवर्षं तयारी केलेली बाई आहे. पण आमच्या गल्लीतली सगळी मुलं त्या गाढवावर जीव टाकत.

साप्ताहिक गल्लीत एकाच घरी यायचं, वकिलांकडे, टपालानं, शनिवारी दुपारी. स्टेशनवरच्या दुकानात दोनचार प्रती येत आणि लगेच संपत. नवऱ्याला अमरावतीहून आणायला सांगितलं होतं. त्यानं एकदा शेतीचं मासिक आणलं, एकदा सिनेमाचं, आणि एकदा होमिओपॅथीचं, कारण त्याच्याही मुखपृष्ठावर जनावर होतं. मी सांगणं सोडून दिलं.

मुलीनं स्वतःच वाट काढली. गल्लीतली मुलं काड्यापेट्यांवरची चित्रं जमवत, त्यांना छाप म्हणत आणि एकमेकांत बदलत. हिनं गाढवाचे छाप स्वतः काढायला सुरुवात केली. पत्त्याएवढा पुठ्ठा कापायचा, त्यावर त्या आठवड्यातला एक प्रसंग पेन्सिलीनं काढायचा, मग टाकानं गिरवायचा, मग रंग. पगडीचा लाल रंग कुंकवाचा, पिवळा हळदीचा, गाढवाचा करडा राखेचा. माझं कुंकू असं संपे की एखाद्याला वाटावं घरात रोज लग्न आहे. पुठ्ठ्याचा तर विचारू नका. नव्या शर्टातला पुठ्ठा गेला, बांगड्यांच्या खोक्याची झाकणं गेली, कॅलेंडरचा मागचा पुठ्ठा गेला आणि कॅलेंडर खिळ्यावर गुंडाळी होऊन लोंबू लागलं. एकदा माझ्या चपलांचं खोकं उघडलं तर आत चपला होत्या, पण खोक्याला तळ नव्हता.

प्रत्येक छापाच्या उजव्या कोपऱ्यात ती तीन टिंबं काढायची, चुलीच्या तीन दगडांसारखी. ती तिची खूण. तीन टिंबं म्हणजे हे तिनं हातानं काढलेलं.

वकिलांची मुलगी हिच्याच वयाची होती. तिला चित्र म्हणून काही काढता येत नसे. तिनं गाढव काढलं की ते स्टूल वाटे. दोघींनी करार केला. शनिवारी साप्ताहिक आलं की हिनं वकिलांच्या ओट्यावर बसून शेवटचं पान वाचायचं. त्या बदल्यात त्या आठवड्याचे दोन छाप काढायचे, एक वकिलांच्या मुलीला, एक स्वतःला. तिसरा कुणालाच नाही. आमच्या मुलीला ओट्याच्या आत कुणी बोलवत नसे, आणि आम्हीही आत जायला धडपडत नव्हतो. ओटा रुंद होता, सावली होती, काम होत होतं. मला तो करार पटला होता. पहिल्या आठवड्यापासूनचा एकही छाप न चुकलेले गठ्ठे सगळ्या गल्लीत दोनच होते. हिचा गठ्ठा माझ्या जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेला असे आणि त्याला हात लावलेला तिला चालत नसे.

त्या मे महिन्यात चित्रमालिकेत असं झालं की वादळ आलं आणि गाढवाची पगडी उडून विहिरीत पडली. शेवटच्या चौकोनात ते बोडक्या डोक्यानं गावाच्या वेशीबाहेर उभं होतं. आता गाव त्याला आत घेणार की हाकलणार, ते पुढच्या शनिवारी. सबंध आठवडा मी दुसरं काही ऐकलं नाही. मी चीक गाळत होते आणि ही कानाशी, "आई, तुले काय वाटते? वळखतीन का त्याले?"

"मले वाटते तू पानी भरून आन."

तर गुरुवारी, ४ तारखेला, ऊन चढल्यावर मी कुरडया उलटायला धाब्यावर गेले. पाहते तर दोन्ही धोतरांच्या कडेनं, कुरडयांच्या ओळींना लागून, पुठ्ठ्याचे तुकडे मांडलेले. काही वाऱ्यानं उडून कुरडयांवर उपडे पडलेले. एक उचलला. खाली कुरडईवर काळं गाढव. दुसरा उचलला. तिथेही गाढव. बोटांना लागलेली काळी चिकट शाई मी लुगड्याला पुसली आणि मग लुगड्याकडे पाहून मला रडावं की ओरडावं ते कळेना. ओरडणं सोयीचं होतं.

मामाजी शिडीवरून वर आले, दम खात, हातात अजून दोन ओले छाप.

"हे काय हाय, मामाजी?"

"वाळू घातले. ऊन चांगलं हाय."

"कुरडया हायेत इथं!"

"मंग? म्या धोतराच्या कडेले ठेवले. तुह्या कुरडयाले हात नाई लावला."

हकीकत अशी निघाली. नात बिचारी एकेक गाढव काढायला दोन दोन दिवस बसते, डोळे खराब करून घेते, हे त्यांना पाहवेना. त्यांनी तिच्या गठ्ठ्यातला एक चांगला छाप समोर ठेवून पत्रा कापला. गाढव, पगडी, चार पाय, सगळं व्यवस्थित. प्रेसमधली उरलेली शाई घरी एका डब्यात होतीच, तेल आणि काजळीची. ती तरटावर लगेच मुरते. पुठ्ठ्यावर मुरत नाही, वर बसून राहते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण आयुष्यात त्यांनी तरटाशिवाय कशावर छापलंच नव्हतं. पुठ्ठे माझ्या शाळेच्या जुन्या वह्यांचे. आणि पत्रा? मी खाली उतरून खाटेखाली पाहिलं. मोरीसाठी ठेवलेला पत्रा जागेवर नव्हता.

"मोरीचा पत्रा कापला तुमी?"

"पत्रा चांगला होता," मामाजी म्हणाले. "मोरीले वाया गेला असता."

मी पुन्हा धाब्यावर जाऊन कुरडया निवडायला बसले. काळ्या एकीकडे, पांढऱ्या एकीकडे. धाब्याची माती तापलेली, डोक्यावर पदर, आणि खाली गल्लीत एकदम पोरांचा गलका. मामाजींनी पहिल्या खेपेचे वाळलेले छाप सकाळीच वाटून टाकले होते. तेल्याच्या पोराला दोन, शिंप्याच्या पोरींना एकेक, कोपऱ्यावर संत्री विकायला बसणाऱ्या बाईच्या नातवाला तीन. फुकट. ज्यानं हात पुढे केला त्याला.

तेवढ्यावरही भागलं असतं. बिनरंगाचं एकसारखं काळं गाढव कोण जपून ठेवतो? पण मामाजींनी प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं मारली होती. पत्र्यातच कापली होती ती.

मुलगी वकिलांच्या घराकडून आली ती तोंड पाडून. शिडीच्या खालूनच म्हणाली, "आई, तिनं सांगतलं शनवारी येऊ नको."

"कावून?"

"म्हने तू माह्या पाठीमागं सगळ्याईले छाप वाटले. म्हने तुही खून हाय त्याच्यावर." आणि मग आजोबांकडे वळून, आवाज चढवून, "आबाजी, तुमी माही खून कावून मारली?"

मामाजींना प्रश्नच कळला नाही. त्यांचा चेहरा खरोखर कोरा होता. "खून? बाई, तो मार्का हाय तुहा. माल तुहा, मार्का तुहा. मार्का नसला तं माल कोनाचा समजन? बिनामार्क्याची गाठ टेसनावरून परत येते."

"पन ते म्या नाई काढले!"

"मालक कुठं सोता छापते गाठी? छापनारा छापते. मार्का मालकाचाच लागते."

आता हे सगळं त्यांच्या परीनं बरोबर होतं, हाच तर वैताग. प्रेसमध्ये मार्का म्हणजे माल कुणाचा ते. मुलीच्या खुणेचा अर्थ होता काढलं कुणी ते. मी काळ्या कुरडया घेऊन खाली उतरून दोघांच्या मध्ये उभी होते आणि दोघंही माझ्याकडे पाहत होते, जणू निकाल माझ्याकडे आहे. मी म्हटलं, "आधी शाईचे हात धुवा दोघंबी." मुलीचे हात स्वच्छच होते. तिनं तेही ऐकवलं.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मी आग्रह केला नाही. भूक लागली की माणूस जेवतं. पण ती गठ्ठा सोडून बसली आणि छाप ओळीनं मांडले, आणि शेवटच्या छापाच्या पुढे एका छापाएवढी जागा मोकळी सोडली. ते मला फारसं आवडलं नाही. शनिवारचं पान चुकलं तर गठ्ठ्यात खाडा पडणार होता, आणि वकिलांच्या मुलीच्या गठ्ठ्यातही, पण तिच्याकडे निदान साप्ताहिक होतं.

शुक्रवारी मामाजींनी चूक दुरुस्त करायला घेतली. मी पोळ्या लाटत होते म्हणून अडवायला उशीर झाला. प्रेसमध्ये चुकीच्या मालावर मार्का लागला तर गाठी परत बोलावून मार्क्यावर फुली मारत. तसं ते गल्लीत निघाले, शाईचा डबा आणि कुंचा घेऊन, दारोदार. "मार्का चुकला. माल वापस आना." पोरं छाप वापस द्यायला तयार नव्हती, पण फुली मारून घ्यायला तयार होती. पहिल्या दोघातिघांच्या छापांवर फुल्या झाल्या आणि गल्लीत बातमी पसरली की फुलीवाला छाप निघाला. मग काय. दुपारी आमच्या दारात रांग लागली.

"आबाजी, माह्यावर पन मारा ना!"

"मले दोन फुल्या!"

"अरे पोट्टेहो, फुली म्हनजे माल रद्द!" मामाजी समजावून सांगत होते आणि फुल्याही मारत होते, कारण समोर आलेल्या मालावर मारायची त्यांच्या हाताला सवय होती. तेल्याच्या पोरानं एका फुलीवाल्या गाढवाचे पाच काड्यापेटीचे छाप घेतले. मी लाटणं घेऊन बाहेर आले तेव्हा रांग पांगली. ओट्यावर, उंबऱ्यावर आणि मामाजींच्या बंडीवर काळे डाग. उंबऱ्यावरचा डाग अजून आहे.

"झालं समाधान?" मी विचारलं.

मामाजी खाली बसले. दम लागला होता. "वाढला ना वं माल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात काही चुकल्यासारखं वाटलं. मी पाणी दिलं. बोलायला वेळ नव्हता, तवा तापला होता.

मुलगी हे सगळं दाराआडून पाहत होती. खाटेवर बसून तिनं एक पुठ्ठा कापला, कडा घासल्या आणि कोरा ठेवला.

शनिवारी नळ चार वाजता येणार होता. मे महिन्यात नगरपालिकेचा नळ यायचा तेव्हा यायचा आणि जायचा तेव्हा सांगून जात नसे. नळ होता वकिलांच्या ओट्यासमोर. मी पाणी भरायचे दोन पितळी गुंड घेऊन रांगेत उभी राहिले. टपाल येऊन गेलं होतं. वकिलांची मुलगी ओट्यावर मांडीवर साप्ताहिक उघडून बसली होती, आणि ते वाचत नव्हती. मी शिक्षिका आहे. मूल वाचतंय की पान धरून बसलंय ते मला लांबून कळतं.

आमची आली. हातात कोरा पुठ्ठा, पेन्सिल, टाक आणि दौत. मला पाहिलं आणि डोळ्यांनी सांगितलं की तू मधे पडू नको. माझा तसा विचारही नव्हता. माझा नंबर पाचवा होता.

वकिलांच्या मुलीचं बोलणं पुस्तकी. "आता कशाला आलीस? तुझी चित्रं त्या तेल्याच्या मुलाकडेसुद्धा आहेत."

"ते माह्ये नाईत. आबाजीनं पत्र्यानं मारले."

"खूण तुझीच आहे."

"आबाजीले वाटलं मार्का लावा लागते. मले इचारलं नाई त्यानं."

"मग मला कसं कळणार कुठलं तुझं आणि कुठलं पत्र्याचं? तू उद्या म्हणशील हे हातचं, आणि ते पत्र्याचं असेल."

ही पोर पुढे वडिलांची वकिली चालवणार, असं मला तेव्हाच वाटलं. आमची पुढे सरकली. मग ओट्याच्या कडेला बसली आणि पुठ्ठा गुडघ्यावर ठेवला.

"तुह्यासमोर काढते. तू सांगशीन ते."

वकिलांच्या मुलीनं मांडीवरचं पान स्वतःकडे वळवलं, हिला दिसू नये म्हणून. "पगडी नसलेलं गाढव काढ."

हे अवघड होतं. गाढव हिनं शंभरदा काढलं असेल, पण पगडीशिवाय एकदाही नाही. मागच्या आठवड्यात ते पाठमोरं उभं होतं. पगडी काढली की ते गल्लीतलं कुठलंही गाढव. मी रांगेत एक पाऊल पुढे सरकले आणि मान वाकडी करून पाहू लागले. मागची बाई म्हणाली, "बाई, सरका ना समोर, तिकडं काय सिनेमा हाय?"

आमचीनं आधी तोंड काढलं, मग मान, आणि कानांपाशी थांबली. पेन्सिल तोंडात घातली. मग कान काढले, दोन्ही मुळापासून वर न जाता मधेच बाहेरच्या बाजूला दुमडलेले, आणि दोन कानांच्या मधले केस चपटे बसलेले. मग टाकानं गिरवलं. तेवढ्यात माझा नंबर लागला, तेव्हा मी एक गुंड नळाखाली लावला आणि पुन्हा तिकडे पाहू लागले. कोपऱ्यात टिंबं काढली नाहीत. वकिलांची मुलगी आधी लांबून पाहत होती, मग गुडघ्यांवर सरकत सरकत जवळ आली.

"चुकलं," ती म्हणाली. "यात कान सरळ आहेत." आणि नकळत पान वळवून दाखवलं.

आमचीनं पान पाहिलं. घाईनं नव्हे, नीट. "त्याईनं चुकवलं," ती म्हणाली. "इतके दिवस पगडी घालून फिरला तो. कान दाबूनच गेले असतीन ना. सरळ कसे राहतीन?"

वकिलांची मुलगी छापाकडे पाहत राहिली, मग पानाकडे, मग पुन्हा छापाकडे. तिनं बोटानं दुमडलेला कान पुठ्ठ्यावर हळूच चाचपला, शाई बोटाला लागली, आणि ती हसली.

"बाई! गुंड भरून वाहून राहिला!" मागून ओरडा झाला. खरंच वाहत होता. पाणी माझ्या पायांवर. मी गुंड उचलला, दुसरा लावला, आणि त्या गडबडीत पुढचं अर्धं ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते असं.

"...पण यापुढे इथंच बसून काढायचं. माझ्या डोळ्यांसमोर. आणि तो पत्रा मोडायचा. तो असला तर करार नाही."

"मोडते."

"शपथ?"

"सांगतलं ना मोडते."

मग दोघींची डोकी एका पानावर वाकली. गावानं गाढवाला आत घेतलं की नाही ते मला त्या रात्री जेवताना तीन वेळा सांगण्यात आलं आणि मी ते विसरले आहे.

घरी आल्यावर नवा वाद. मुलीनं पत्रा मागितला. मामाजींनी तो छातीशी धरला.

"मार्क्याचा पत्रा मोडत नाई कोनी. मालक मेला, कंपनी बुडाली, तरी पत्रे खुटीले टांगून ठेवत आमी."

"आबाजी, म्या सबूत दिला तिले."

"सबद म्हन."

"सबद दिला! पत्रा राहिला तं ती मले वाचू देनार नाई!"

"मी नाई छापत. जाय सांग तिले."

"तुमी छापता! पोट्टे आले का तुमी छापता!"

हे खरं होतं आणि मामाजींनाही ते माहीत होतं, म्हणून ते जास्त चिडले. पत्रा त्यांनी खाटेवर उशाखाली ठेवला आणि वर आडवे झाले. मुलगी खाटेच्या पायाशी बसून राहिली. एवढ्यात नवरा अमरावतीहून आला, पिशवी ठेवली आणि मोठ्या कौतुकानं त्यातून एक अंक काढला. "मिळालं बा एकदाचं! गाढवाचं होतं ना?" मुखपृष्ठावर घोडा होता. आत पशुवैद्यक खात्याची माहिती. अंक घ्यायला कुणीच हात पुढे केला नाही, तेव्हा तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाई, जेवून घ्या." त्या रात्री मोरीत घूस आली आणि तिनं तुरीच्या डाळीची पिशवी फोडली.

रविवारी सकाळी मी उठले. मामाजी फिरायला गेले होते. उशाखालून पत्रा काढला, पेटीतून हातोडी आणि चार खिळे घेतले आणि मोरीशी बसले. गाढवाच्या आकाराचं भोक पाणी जायला ऐसपैस होतं, पण घुशीला नव्हतं. पाय बारीक, मान बारीक, पोटाच्या जागी मामाजींनी मधे दोन पट्ट्या सोडलेल्या. मोडलेला नाही, आणि छापताही येणार नाही. मी तीन खिळे ठोकले तोवर मुलगी डोळे चोळत आली, पाहिलं, आणि चौथा खिळा धरून दिला. ठोक्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. मामाजी आत आले. वाकून मोरीकडे पाहिलं.

"उलटा लागला," ते म्हणाले.

पाहिलं तर खरंच. गाढवाचे पाय वर आणि पगडी खाली. मी चारही खिळे उपसून काढले, पत्रा फिरवला, सुलटा ठोकला, आणि रात्रीची भांडी घासायला बसले.